वाहवा पुरे, आता जरा बोलू : पाव इंचावरून झालेल्या एका वादाची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

आपल्या दोन जिल्ह्यांत कलाकारांचे व्हॉट्सअॅप ग्रुप किती असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. चित्रकारांचा वेगळा, रांगोळीवाल्यांचा वेगळा, भजनी मंडळांचा, शाहिरांचा, हौशी नाटकवाल्यांचा वेगळा. सातारा, कराड, विटा, तासगाव, मिरज, जत, सगळीकडे आहेत. बातमीच्या निमित्ताने यातल्या बऱ्याच ग्रुपवर मला घेतलेलं आहे, त्यामुळे तिथं काय चालतं ते रोज बघतो.

सकाळी एखादा पोरगा आपलं चित्र टाकतो. खाली रांग लागते. अप्रतिम. निःशब्द. जबरदस्त भावा. दहा अंगठे, पाच फुलं, दोन नमस्कार. संध्याकाळपर्यंत ते चित्र वर सरकून जातं. त्या पोराला काय कळलं? काहीच नाही. हाताचा पंजा चुकलाय, सावली दोन दिशांना पडलीय, हे ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना दिसलेलं असतं. बोलत कुणी नाही. आणि चुकून कुणी बोललंच, तर दुसरा प्रकार सुरू होतो. "तुम्ही आधी काढून दाखवा." "जळतात लोक." मग कोण कुणाचा शिष्य, कुणाला कुठला पुरस्कार कसा मिळाला, इथपर्यंत गाडी जाते आणि शेवटी स्क्रीनवर ती ओळ येते, अमुक अमुक लेफ्ट.

म्हणजे आपल्याकडे दोनच गोष्टी उरल्यात, आरती नाहीतर भांडण. मधलं बोलणं गेलं.

हे मधलं बोलणं आपल्याच भागात एकेकाळी किती वरच्या दर्जाचं होतं, त्याची आज आठवण काढतोय. जुनं ते सगळं सोनं होतं, असं मला म्हणायचं नाही. त्यातही खोट होती आणि तीही सांगणार आहे.

आधी डफ

आपल्या भागातल्या जत्रांतून कलगी-तुऱ्याचे फड रंगायचे. सातारा, सांगली म्हणून वेगळं सांगायची तेव्हा गरज नव्हती, कारण सांगली जिल्हा झाला तोच १९४९ साली, दक्षिण सातारा या नावाने, आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. मूळ वाद अध्यात्माचा. प्रकृती मोठी की पुरुष? पण तो वाद पारावर, रात्रभर, डफ-तुणतुण्याच्या साथीने आणि चारशे-पाचशे माणसांसमोर व्हायचा.

त्याचे नियम बघा. एका बाजूने भेदिक लावणीतून सवाल टाकायचा. पुराणातलं कोडं असेल, शरीरशास्त्राचं असेल, व्यवहाराचं असेल. दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचं ते गाऊन, चालीत बसवून. "तुझा प्रश्नच फालतू" असं म्हणून सुटका नव्हती. "मी मोठ्या गुरूचा चेला" याला उत्तर म्हणत नसत. उत्तर नसलं की डफ गप्प, आणि ते गप्प बसणं सगळ्या गावाला ऐकू यायचं.

म्हणून शाहिराला आधी समोरच्याचं नीट ऐकावं लागायचं. सवालातला पेच कुठं आहे ते न कळता उत्तर बांधणार कसं? ऐकणं ही तिथं सभ्यता नव्हती, गरज होती.

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६ ते १९४५) याच वातावरणात वाढला आणि पठ्ठे बापूराव झाला. कुलकर्णीपण सोडून तो तमाशात गेला, त्याची किंमत जातीतल्या लोकांनी त्याच्याकडून वसूल केली. पण फडावर त्याला विचारलं जायचं ते एवढंच, सवालाला जवाब आहे का? पुढे सवाल-जवाब सिनेमात गेला, १९६४ चा 'सवाल माझा ऐका' तर नावापासून तोच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्यात आणली ती खटकेबाज बोलणीही याच मातीतली.

आता खोट सांगतो. झगड्याच्या लावण्या पुष्कळदा शिवीगाळीवर यायच्या. सवालाला जवाब सुचला नाही की समोरच्याच्या जातीवर, बायकोवर घसरणारे तेव्हाही होतेच. आणि पवळाबाईसारखी बाई ज्या फडाचा प्राण होती, त्या फडाच्या इतिहासात तिचं नाचणं लिहिलं गेलं, तिचं रूप लिहिलं गेलं. कलेबद्दल ती स्वतः काय बोलली, ते टिपून घ्यावं असं कुणाला वाटलं नाही.

मग तार

आता मिरजेला या.

मिरजेची तंतुवाद्यं जगभर जातात हे आपल्याला माहीत आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले. ही कला इथं कशी रुजली? मूळचे हे लोक शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारीचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, फरीदसाहेबांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि दुरुस्ती करता करता वाद्य घडवायला सुरुवात केली. शिकलगाराचे सतारमेकर झाले. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने भोपळे आणायचे, ते वाळवायचे, कापायचे, त्यावर लाकूड चढवायचं.

पण या धंद्याचं खरं गुपित भोपळ्यात नाही. ते जवारीत आहे. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानसीने घासून किंचित उतरता करतात. त्या उतारावर तार घासली जाते आणि तो गुंजणारा, भरलेला नाद निघतो. उतार केसभर जास्त झाला तर आवाज फाटतो, कमी झाला तर तार मुकी. आणि हे मोजायला पट्टी नाही. एका गवयाला खुली जवारी लागते, दुसऱ्याला बंद. एकाची पट्टी काळी एक, दुसऱ्याची काळी चार.

म्हणून जवारी बोलून काढावी लागते. गवई समोर बसणार, कारागीर घासणार, तार चढवणार, छेडणार. "अजून थोडी गोल पाहिजे." "खर्ज बोलत नाही." "आता फार बोलतोय." परत तार उतरवायची, परत घासायची. गवयाला लाकूडकाम येत नाही, कारागीर मैफल करत नाही. दोघांना एकमेकांची भाषा अर्धी अर्धीच येते, पण मध्ये तंबोरा ठेवलेला असतो. कुणाचं बरोबर, हे शेवटी तंबोरा सांगतो.

अब्दुल करीम खाँसाहेब (जन्म उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा, १८७२ चा) मिरजेत राहिले, त्यामागे दर्ग्यावरची श्रद्धा होतीच. पण तंबोऱ्याच्या सुराबाबत इतक्या काटेकोर माणसाला सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर असणं, हेही काही कमी नव्हतं. वाद्य दुरुस्त करायला खाँसाहेब स्वतः हात घालत असत, हे जुने लोक सांगत आले आहेत.

आणि आता तो पाव इंच

खरी गोष्ट इथून सुरू होते.

सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आता निवृत्त डेप्युटी कलेक्टरने काय करावं? बागेत बसावं, पेन्शन घ्यावी. देवलांना भलताच नाद लागला. आपल्या जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्यात, त्या खरंच गळ्यातून निघतात का, आणि निघत असतील तर मोजता येतील का?

ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. ३६ इंचांची एक तार ताणली आणि छेडली, तो तुमचा सा धरा. बरोबर मध्ये, १८ इंचांवर दाबली की वरचा सा मिळतो. २४ इंच तार वाजू दिली की पंचम, २७ इंच वाजू दिली की मध्यम. इथवर भांडण नाही. आता गंधार घ्या. तंबोऱ्याशी तंतोतंत मिळणारा गंधार येतो २८.८ इंचांवर. पण बाजाची पेटी विलायतेहून आली ती बारा पट्ट्या समान अंतरावर बसवून. तिचा गंधार पडतो साधारण २८.६ इंचांवर. फरक पाव इंचाहूनही कमी. तुम्हाला-मला तो कदाचित कळणार नाही. खाँसाहेबांच्या कानाला तो खड्यासारखा लागणार.

देवलांनी काय केलं, तर खाँसाहेबांना गाठलं. खाँसाहेब सूर लावणार, देवल तारेवर ती जागा पकडणार, लांबी मोजणार, गणित मांडणार. गळा एकाचा, पट्टी दुसऱ्याची. यातून १९१० साली देवलांचं हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. ते ई. क्लेमेंट्स नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या हाती पडलं. हा साहेबही संगीतवेडा. त्याने यात उडी घेतली, १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं. दोघांनी मिळून फिलहार्मोनिक सोसायटी काढली आणि सप्तकात २२ श्रुती वाजतील अशी खास पेटी विलायतेत बनवून घेतली. श्रुती-हार्मोनियम.

कल्पना करा. एक मुसलमान गवई, एक पेन्शनर ब्राह्मण, एक इंग्रज अंमलदार. गव्हर्नमेंट आणि रयत यांच्यात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला नको. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडलं होतं. त्याच काळात हे तिघं एका गंधाराची जागा शोधत होते.

बडोद्याला पेटी हरली

मार्च १९१६. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. मागे उभे होते पंडित विष्णु नारायण भातखंडे. देवल आणि क्लेमेंट्स आपली पेटी घेऊन गेले. भातखंड्यांना हा सगळा मार्गच मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, जुन्या ग्रंथकारांनी श्रुतींची अशी गणिती मापं दिलेलीच नाहीत, ती तुम्ही आज त्यांच्या तोंडी घालताय.

आता हा वाद आजच्या पद्धतीने कसा झाला असता? भातखंडेविरोधी ग्रुप निघाला असता, क्लेमेंट्सला परका म्हणून हाकललं असतं, देवलांना "तुम्हाला स्वतःला गाता येतं का" म्हणून गप्प केलं असतं.

तिथं झालं ते असं. पेटी सगळ्यांसमोर ठेवली. उदयपूरच्या झाकिरुद्दीन खाँसारखे नामांकित ध्रुपदिये समोर होते. त्यांनी गावं, पेटीने वाजवावं आणि सभेने ऐकावं. गळ्याचे सूर आणि पेटीचे सूर जुळले नाहीत. पेटी हरली.

यात मला मोठी वाटते ती हरण्याची पद्धत. देवलांच्या वर्षानुवर्षांच्या कामाला नकार मिळाला तो दाव्यासमोर पुरावा ठेवून, उघड सभेत. कुणाच्या जातीवरून नाही, कुणाच्या पदावरून नाही. देवलही रुसून घरी बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांचं सोमनाथाच्या 'रागविबोध' या जुन्या ग्रंथावरचं पुस्तक आलं. भातखंडे आणि खाँसाहेब यांचं पुढेही कधी जुळलं नाही, कडवटपणा होताच. पण त्यांच्या मतभेदाचा मुद्दा काय होता, हे शंभर वर्षांनीही आपल्याला सांगता येतं. आजच्या कुठल्या ग्रुपवरच्या भांडणाबद्दल शंभर दिवसांनी तरी असं सांगता येईल का?

आणि तो वाद वाया गेला नाही. पेटी आपल्या गाण्याला चालते का, हा प्रश्न पुढे देशाचा झाला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्या बंदीचं समर्थन करायचं कारण नाही, बऱ्याच पेटीवाल्यांचं त्यात नुकसान झालं. पण सांगलीच्या एका पेन्शनराने मोजायला घेतलेला पाव इंच किती लांब गेला, ते यावरून दिसतं.

इथंही खोट होतीच

पुस्तक इंग्रजीत निघालं. मुखपृष्ठावर नाव देवलांचं, आत मोजलेला गळा खाँसाहेबांचा. बडोद्यातही साधारण हेच. निबंध वाचायचे ते शिकलेल्या पंडितांनी आणि साहेबांनी, गाऊन दाखवायचं ते उस्तादांनी. सूर ज्याच्या गळ्यात होता त्याला "तुम्हाला काय वाटतं" असं विचारून ते लिहून घेण्याची रीत नव्हती. सतारमेकरांना तर परिषदेचं आमंत्रणही कुणी दिलं नसेल. वास्तविक घोडीवर कानस फिरवणाऱ्या माणसाइतकं श्रुतीबद्दल दुसऱ्या कुणाला कळणार?

एका बाबतीत मात्र आजची सोय त्या काळापेक्षा शंभर पटींनी चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे. आज जतची एखादी पोरगी आणि मुंबईचा नावाजलेला चित्रकार एकाच ग्रुपवर असू शकतात. आमंत्रण लागत नाही, इंग्रजी लागत नाही, जात विचारली जात नाही. खाँसाहेबांना जे मिळालं नाही, स्वतःच्या शब्दांत स्वतःच्या कलेबद्दल बोलणं, ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि त्यावर आपण अंगठे पाठवतोय.

मग अडलंय कुठं?

मला वाटतं, आपण मध्ये वस्तू ठेवायची विसरलो. फडावर सवाल असायचा, सतारमेकरांकडे तंबोरा असायचा, देवल आणि खाँसाहेबांच्या मध्ये तार असायची. बोलणारे त्या वस्तूकडे बघून बोलायचे. आज चित्राच्या जागी चित्रकार येतो. "सुंदर" म्हणतो तेही त्याला, "भिकार" म्हणतो तेही त्यालाच. मग बोलणारा एकतर भक्त होतो नाहीतर शत्रू.

दुसरं, बोलण्यासाठी बसावं लागतं. जवारी एका बैठकीत लागत नाही. आज मिरजेचा तानपुरा कुरिअरने जातो, परदेशातही जातो. त्यावर पोट चालतं आणि ते चांगलंच आहे. पण वाजवणारा समोर नसेल, तर कारागिराच्या हाती काय पडणार? फार तर दोन ओळींचा मेसेज, "साउंड पसंत नाही." काय पसंत नाही? खर्ज दबतोय की जोड फाटतोय? गवयाबरोबर बसून बापाने जे शब्द शिकले, ते पोराच्या कानावरच पडले नाहीत तर कानस कितीही चांगली चालू दे, कान तयार होणार नाही. त्यात फोनवर तानपुऱ्याचं अॅप फुकट आहे. त्याच्याशी हुज्जत घालायची सोय नाही आणि गरजही नाही.

ज्यांना घरात गुरू आहे, पुण्या-मुंबईत शिकायची ऐपत आहे, त्यांचं चालून जाईल. प्रश्न आहे खानापूर-आटपाडीच्या, माण-खटावच्या पोरांचा. त्यांची शाळा म्हणजे हा ग्रुपच. तिथं त्यांना रोज "अप्रतिम" मिळतं, आणि मग एक दिवस मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाहेर काढतात. का काढलं, तेही कुणी सांगत नाही. मग पोरगं म्हणतं, वशिला होता. कदाचित असेलही. पण पंजा चुकलेला होता, हे त्याला घरच्या माणसांनी आधी सांगायला हवं होतं की नाही?

खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. मद्रासकडच्या दौऱ्यात, एका रेल्वे स्टेशनवर. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून उरुसात देशभरातले कलाकार तिथं येऊन हजेरी लावतात. गाणाऱ्यापुढे रात्रभर बसणाऱ्यांत सतारमेकर असतात, रिक्षावाले असतात, नुसते ऐकून तयार झालेले कानसेनही असतात. तिथं चुकीच्या जागी वाहवा गेली तर शेजारचा वळून बघतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ही जाण गावात अजून जिवंत आहे, फक्त फोनवर आली की तिची बोटं अंगठ्याशिवाय दुसरं काही दाबत नाहीत.

तेव्हा माझी ग्रुपवाल्या मंडळींना एक विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस ठेवा. त्या दिवशी अंगठा नाही, फूल नाही. ज्याने काम टाकलं त्याने एक सवाल विचारायचा, "माझं हे इथं अडलंय, काय करू?" आणि उत्तर देणाऱ्याने त्या कामाबद्दलच बोलायचं, माणसाबद्दल नाही. जमलं तर करून दाखवायचं, जसं सवालाला जवाब गाऊनच द्यावा लागायचा तसं. ज्याला काही सुचत नाही त्याने डफ खाली ठेवावा, त्यात काही कमीपणा नाही.

तुमच्या गावात अशी बोलणी होत असतील, एखादा फड, एखादा कट्टा, एखादं दुकान असेल, तर खाली लिहा. नुसतं "छान पोस्ट" लिहू नका राव. कुठं पटलं नाही ते लिहा.